हौशी खेळाडू आणि रोवणीची मजुरी
चामोर्शी तालुक्यात पावसाळा लागला की धावण्याच्या सरावाआधी धानाची रोवणी येते. धावणाऱ्या पोरांच्या बुटांचे पैसे बहुतेकदा त्याच मजुरीतून निघतात.

अमेरिकेतला आदिवासी विद्यार्थी जिम थॉर्पही असाच सुट्टीत कमवायचा. १९०९-१० च्या उन्हाळ्यांत तो किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्यानं दोन सुवर्णपदकं जिंकली. पुढच्याच वर्षी, खेळून पैसे घ्यायचे नाहीत या हौशी खेळाडूंच्या नियमावर बोट ठेवून ती काढून घेतली गेली. १९८३ मध्ये पदकं कुटुंबाला परत मिळाली, तेव्हा थॉर्पला जाऊन जवळपास तीस वर्षं झाली होती. हौशीपणा हा पोट भरलेल्यांचा थाट, दुसरं काय!

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून एव्हरेस्टवर पोहोचले. राज्य सरकारनं त्यांना प्रत्येकी २५ लाख रुपये जाहीर केले. कुणी नाक मुरडलं नाही.

पण बक्षीस शिखर गाठल्यावर मिळतं. सरावाच्या दिवसांचं काय? ‘खेलो इंडिया’च्या शिष्यवृत्तीत महिना १०,००० रुपये हातखर्च ठरला आहे. अमेरिकेत विद्यार्थी खेळाडू २०२१ पासून जाहिरातींतून कमावतात. २०२५ पासून महाविद्यालयंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. गावातल्या पोराची अडचण मात्र त्याआधीची असते: निवड चाचणीला जायचं एसटीचं भाडं.