चष्मा बदलला म्हणजे डोळे तपासले असे नव्हे

(ठाण्यातील टेंभी नाका येथे झालेल्या कुटुंबमेळाव्यात एका ज्येष्ठ नेत्रतज्ज्ञाने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



डोळ्यांच्या आरोग्यावर बोलण्यासाठी आपण मला टेंभी नाक्यावर बोलावलेत, हा माझ्या दृष्टीने एक योगच आहे. या नाक्याला बाहेरचे लोक नवरात्रोत्सवामुळे ओळखतात. परंतु जुन्या ठाणेकराच्या मनात टेंभी नाका म्हटले की आधी ‘सिव्हिल’ उभे राहते. विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचे हे रुग्णालय १९३६ साली दानातून उभे राहिले आणि शहापूर-मुरबाडपासूनच्या गोरगरिबांचा आधार झाले. नव्या इमारतीसाठी काही वर्षांपूर्वी त्याचे कामकाज वागळे इस्टेटकडे हलवावे लागले, तरी रिक्षावाल्याला आजही ‘सिव्हिलपाशी सोड’ असेच आपण सांगतो. माझ्या वडिलांचे डोळे तपासण्यासाठी मी प्रथम ज्या रांगेत उभा राहिलो, ती रांग याच नाक्यावरची होती. आज त्यांचीच कथा सांगणार आहे. त्यात माझी चूकही आहे आणि ती लपवण्याचे आता कारण उरलेले नाही.

आमचे घर खारकर आळीत होते. वडील मुंबईच्या एका कचेरीत नोकरीला. १९८६ साली त्यांनी पंचावन्नावे वर्ष ओलांडले होते. आधीच्या दोन वर्षांत त्यांनी तीनदा चष्मा बदलला होता. दर वेळी दुकानात फळ्यावरची अक्षरे वाचून घेतली जात, नंबर थोडा इकडे-तिकडे होई, आणि ‘आता स्वच्छ दिसतंय’ असे म्हणत ते घरी येत. पण जमिनीवर ठेवलेला तांब्या त्यांच्या पायाने कलंडे. जिन्याची शेवटची पायरी चुके. आई म्हणे, ‘अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?’ आम्ही मुले हसत असू.

एके दिवशी ठाणे स्थानकाच्या फलाटावर त्यांच्या उजव्या डोळ्यात धूळ गेली. त्यांनी रुमालाने तो डोळा झाकला आणि समोरचा इंडिकेटर नाहीसा झाला. गाडी, माणसे, पूल, सारेच नाहीसे झाले. डावा डोळा गेलेला होता, आणि तो केव्हा गेला हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते. तपासणीत निदान झाले काचबिंदूचे. डाव्या डोळ्याची नस पूर्ण सुकली होती, उजव्या डोळ्याचीही निम्मी हानी झाली होती. मी त्या वेळी वैद्यकीय महाविद्यालयात होतो. नेत्रविज्ञानाची परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झालो होतो. उत्तरपत्रिकेत काचबिंदूवर मी चार पाने लिहिली होती, पण दोन वर्षे एकाच ताटपंगतीत बसणाऱ्या बापाचा काचबिंदू मला दिसला नाही.

हा रोग असा फसवतो कसा, ते समजून घेऊ. आपल्या डोळ्यात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि एका बारीक जाळीतून बाहेर वाहून जातो. ती जाळी तुंबली की आतला दाब वाढतो. डोळ्यामागच्या पडद्यावरचे चित्र मेंदूकडे नेणारी नस सुमारे दहा लाख तंतूंची असते. त्या दाबाने एकेक तंतू मरू लागतो. बहुतेकांना दुखत नाही, डोळा लाल होत नाही, आणि प्रथम जाते ती कडेची नजर. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते. म्हणूनच फळ्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसाचाही काचबिंदू निम्म्या वाटेवर पोहोचलेला असू शकतो. गेलेली नजर आजच्या कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. हाती असते ते उरलेली राखणे, आणि ते मात्र बहुतेक वेळा साधते. साधारणपणे १० ते २१ हा दाब सर्वसामान्य मानतात. पण काहींमध्ये दाब या मर्यादेत असूनही नस खराब होते. त्यामुळे केवळ दाब मोजून भागत नाही, नस डोळ्यांनी पाहावी लागते.

येथे माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दा येतो. चष्म्याचा नंबर काढणे आणि डोळे तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण तपासणीत चार पायऱ्या असतात. प्रत्येक डोळ्याची वेगवेगळी नजर पाहणे, दुर्बिणीसारख्या यंत्राने डोळ्याचा पुढचा भाग व भिंग तपासणे, दाब मोजणे, आणि थेंब घालून बाहुली मोठी करून मागचा पडदा व नस पाहणे. शेवटच्या पायरीला लोक कंटाळतात, कारण नंतर काही तास अंधूक दिसते आणि वाहन चालवता येत नाही. पण काचबिंदू आणि मधुमेहाने होणारी हानी ओळखली जाते ती याच पायरीवर. ज्या तपासणीत बाहुली मोठी केली नाही, ती अर्धीच झाली असे समजावे.

आता मोतीबिंदू. हा शत्रू खरे तर सर्वांत सोपा. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्यांमधील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. म्हणजे दर तीन अंधांपैकी दोघांची दृष्टी एका छोट्या शस्त्रक्रियेने परत येण्यासारखी होती! आपल्या परंपरेचा आपण अभिमान बाळगतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांचे वर्णन आहे आणि गढूळ झालेले भिंग शलाकेने बाजूला सारण्याची शस्त्रक्रियाही आहे. त्या काळी जगाला हे अद्भुत होते. परंतु भिंग बाजूला सारल्यावर त्या जागी काही बसवण्याची सोय नव्हती. ती आली १९४९ साली. लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडले यांच्या ध्यानात आले होते की युद्धात विमानाच्या काचेचे प्लॅस्टिक वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळ्याने ते सहन केले. त्याच निरीक्षणातून कृत्रिम भिंग जन्मले. सुश्रुताचा खरा वारसा नेमकेपणाने पाहणे हा आहे. त्याचे नाव घेऊन डोळ्यात मध, कांद्याचा रस किंवा कुणीतरी सांगितलेला अर्क घालणे हा त्याचा अपमान आहे.

‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ हे वाक्य आजही घरोघरी ऐकू येते. जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत त्याला अर्थ होता. आज नाही. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की वेळ झाली असे समजावे. फार पिकलेला मोतीबिंदू शस्त्रक्रिया अवघड करतो, क्वचित डोळ्याचा दाब वाढवून नसच मारतो. खर्चाची सबबही टिकत नाही, कारण जिल्हा रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. तेव्हा जे. जे. रुग्णालयातून काम करणारे आणि आनंदवनात शिबिरे घेणारे डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ साली पद्मश्री मिळाली, ती याच कामासाठी. मदुराईत १९७६ साली निवृत्तीनंतर डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अवघ्या ११ खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती, तरी त्याच बोटांनी ते शस्त्रक्रिया करीत. ऐपत असलेल्याच्या पैशातून नसलेल्याची दृष्टी परत आणायची, ही त्यांची रीत आज जगभर अभ्यासली जाते. रुग्णालये आहेत, माणसे आहेत. उणीव आहे ती घरातल्या आजीला तेथवर नेणाऱ्या हाताची.

मधुमेहाबद्दल मात्र मध्यमवर्गाशी थोडे कठोर बोलले पाहिजे. साखर मोजण्याचे यंत्र आपल्या कपाटात असते, पण डोळ्याचा पडदा तपासून किती वर्षे झाली, हे विचारले की उत्तर येत नाही. वाढलेल्या साखरेने पडद्यावरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात, पुढे नाजूक नव्या वाहिन्या फुटतात आणि एके सकाळी डोळ्यात रक्तस्राव होतो. तोवर नजर उत्तम असू शकते. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात निदान झाले त्याच वेळी पडदा तपासावा, आणि नंतर दरवर्षी. लेझर आणि डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने वेळेवर मिळाली तर दृष्टी टिकते. मधुमेही स्त्रीला दिवस गेल्यास ही तपासणी तर टाळूच नये.

आता मुलांकडे वळतो. मूल तक्रार करीत नाही, कारण सर्वांना असेच दिसते असे त्याला वाटते. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल, तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र घेणेच सोडून देतो. आपण त्याला ‘आळशी डोळा’ म्हणतो. लहानपणी उपचार केला तर तो डोळा कामाला लागतो, उशीर झाला की कठीण होते. म्हणून शाळेत घालण्यापूर्वी एकदा आणि नंतर दरवर्षी तपासणी करावी. जन्माच्या वेळी दोन किलोंपेक्षा कमी वजनाचे किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेले बाळ असेल, तर तीस दिवसांच्या आत त्याचा पडदा तपासून घ्यावा. आणि मुलांना रोज दोनेक तास उघड्यावर खेळू द्या. लघुदृष्टी लांबवण्यास त्याचा उपयोग होतो, हे आता अभ्यासांनी दाखवले आहे. मोबाइलपेक्षा मैदान बरे, हे आजोबांचे म्हणणे येथे तरी शास्त्राला धरून आहे.

घरच्या घरी काय करता येईल? भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’समोर उभे राहा आणि एकेक डोळा झाकून तारखा वाचा. माझ्या वडिलांनी हे केले असते, तर त्यांचा डावा डोळा कदाचित वाचला असता. खिडकीचे सरळ गज वाकडे दिसत असतील, तर पडद्याच्या मध्यभागी बिघाड असू शकतो. अचानक विजा चमकल्यासारखे दिसले, पडदा ओढल्यासारखा अंधार आला, किंवा डोळा लाल होऊन तीव्र दुखू लागला व दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणून महिनोन्‌महिने घालू नका, त्यानेही काचबिंदू होतो. मात्र घरची ही परीक्षा म्हणजे तपासणी नव्हे. चाळिशी लागली की सर्वांनी एकदा पूर्ण तपासणी करावी; त्यापुढे डॉक्टर सांगतील तशी, आणि साठीनंतर वर्षा-दोन वर्षांनी. आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला काचबिंदू असेल, तर चाळिशीचीही वाट पाहू नये.

हे शेवटचे वाक्य मी अनुभवाने सांगतो. वडिलांच्या निदानानंतर आम्हा भावंडांची तपासणी सुरू झाली. काही वर्षांनी धाकट्या बहिणीच्या डोळ्यांचा दाब वाढलेला आढळला. तिला कसलाही त्रास नव्हता. तेव्हापासून ती रोज थेंब घालते. आज तिने साठी ओलांडली आहे, सुईत दोरा ओवते आणि जिना सहज उतरते. रोग तोच, घरही तेच. वडिलांनी मात्र उरलेल्या अर्ध्या डोळ्यावर पुढची चौदा वर्षे काढली. ते रोज वर्तमानपत्र वाचत. पण संध्याकाळनंतर एकटे बाहेर पडणे त्यांनी सोडले होते.

येथे बसलेल्या कार्यकर्त्यांकडे माझे एकच मागणे आहे. शिबिर भरवणे आपल्याला उत्तम जमते. मंडप, फलक, चहापान, सारे वेळेवर होते. पण डोळ्यांचे काम शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. ज्याला शस्त्रक्रिया सांगितली तो गेला का? ज्याला थेंब सांगितले तो बाटली संपल्यावर दुसरी आणतो का? आपल्या इमारतीतील पाच घरे प्रत्येकाने वाटून घ्यावीत. त्यांत चाळिशीपुढचे कोण, मधुमेही कोण, आणि एकटे राहणारे आजी-आजोबा कोण, याची वहीत नोंद करावी. त्यांच्यासोबत तपासणीला जावे, थेंब घातल्यावर अंधूक दिसत असताना त्यांच्याजवळ बसावे आणि त्यांना हाताला धरून घरी आणून सोडावे. आणि आज रात्री घरी गेल्यावर, जेवायला बसण्यापूर्वी, आपल्या आई-वडिलांना एक डोळा झाकून त्या ‘कालनिर्णय’समोर उभे करावे.