डबा परत का येतो?

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या महिला मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'मुलांचा आहार' हा विषय दिला आहे. तो फार मोठा आहे, म्हणून मी शाळेच्या डब्याबद्दलच बोलते. त्यातही परत येणाऱ्या डब्याबद्दल.

आधी एक मोजमाप सांगते. सरकारी शाळेत दुपारी जे जेवण मिळतं, ज्याला आता पीएम पोषण म्हणतात, त्यात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी अपेक्षा. प्रत्यक्षात कुठे डाळ पातळ असते, कुठे भाजी नावालाच, हे खरं. पण आज घरी गेल्यावर आपल्या नातवाच्या डब्याचा हिशेब या मापाने करून बघा. दोन थेपले, लोणचं आणि वेफर्सची पुडी. थेपल्यातली मेथी धरली, तरी ५० ग्रॅम भाजी होते का?

आपल्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण शाळेत आलेल्या मुलाच्या पोटाचं काय, या प्रश्नाला राज्यभराचं उत्तर दिलं ते दक्षिणेने. १९५६ साली कामराजांनी मद्रास राज्यात शाळेत जेवण सुरू केलं. गुजरातेत ते १९८४ साली आलं, देशभराची योजना १५ ऑगस्ट १९९५ला. तेव्हा बऱ्याच ठिकाणी कोरडं धान्यच घरी पाठवत. शिजवलेलं गरम अन्नच द्या, असं २००१ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

"आमची मुलं तिथे कुठे जेवतात?" असं काही जणींच्या चेहऱ्यावर दिसतंय. बरोबर आहे. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी देशात ६७ टक्के आणि गुजरातेत जवळजवळ ८० टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. खात्यापित्या घरांतली मुलंही त्यातून सुटलेली नाहीत. हीच मुलं पुढे शाळेत येतात. वर्गात पेंगणाऱ्या, चिडचिड्या मुलाला आपण आळशी म्हणतो, आणि शिकवणी लावतो. शिकवणीने रक्त वाढत नाही.

आता मूल नवीन पदार्थ का खात नाही? दोन-अडीच वर्षांनंतर अनोळखी अन्नाची भीती वाटणं हा मुलाचा स्वभावच असतो, हट्ट नव्हे. ती भीती ओळखीने जाते. एखादी भाजी आवडायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. आपण दोनदा करतो, मूल तोंड वाकडं करतं, आणि आपण जाहीर करतो, "आमच्याकडे पडवळ चालत नाही हो!" हे मुलाच्या समोर म्हटलं की संपलंच. मग ते पदवीच मिळाल्यासारखं सगळीकडे सांगत फिरतं.

खरं तर आपल्या पानाची रचनाच यावर उपाय आहे. डावी बाजू आठवा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळं चिमूटभर. नवा पदार्थ मुलाला डावीकडे वाढावा, सुपारीएवढा. खाल्ला तर उत्तम, नाही तर चर्चा नको. उद्या-परवा पुन्हा वाढायचा. "भाजी संपव, मग चॉकलेट देते" हा सौदा मात्र बंद करा. त्यातून मूल एवढंच शिकतं, की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. आणि आजीबाईंनो, तोंडात कोंबणंही नको. बळजबरीने भरवलेला घास पोटात जातो, पण त्या पदार्थाशी वैर कायमचं होतं.

ऋषिपंचमीची भाजी घ्या. अळू, सुरण, लाल भोपळा, दोडका, भेंडी, मक्याचं कणीस, एका पातेल्यात इतक्या भाज्या एरवी कधी पडतात? मुलांना ती निवडायला बसवा. ज्या भोपळ्याच्या बिया मुलाने स्वतः काढल्या, तो भोपळा त्याला परका राहत नाही. अळू चिरताना हात खाजतो, म्हणून ते आपण करावं, आणि चिंच त्याला टाकायला द्यावी.

डबा परत येण्याची कारणं बरेचदा साधी असतात. झाकण घट्ट असतं. सुट्टी वीस मिनिटांची, त्यातली दहा रांगेत जातात. पोळी गार होऊन चिवट होते. आणि एक कारण मूल घरी सांगत नाही: शेजारचा हसतो. नाचणीच्या भाकरीला "हे काळं काय आणलंस?" असं कुणी म्हटलं, की ती भाकरी दुसऱ्या दिवसापासून दप्तरातच राहते. वास्तविक नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला आहे. डब्यात दोन घास जास्तीचे द्यायचे, मित्राला वाटायला. नाचणीची छोटी धिरडी, अळिवाचा लाडू, मोड आलेल्या मटकीची सुकी उसळ आणि लिंबाची फोड. ती फोड शोभेची नाही, लिंबामुळे उसळीतलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा दिला तर उलट होतं, तेवढा टाळा.

जाता जाता मंडळाकडे एक मागणी. चित्रकला स्पर्धेनंतर मुलांच्या हातात वेफर्सचं पाकीट देतो, ते बंद करून उकडलेलं कणीस द्या. आणि गुजरातेत तिथिभोजन म्हणून एक चांगली पद्धत आहे. वाढदिवस, पुण्यतिथी अशा निमित्ताने सरकारी शाळेतल्या मुलांना कुणीही जेवण देऊ शकतो. मंडळाने वर्षातून चार दिवस घ्यावेत आणि त्या दिवशी आपल्या घरच्या मुलांनीही त्याच पंगतीत बसावं, वाढायला नव्हे, जेवायला. पंगतीत शेजारचा खातो म्हणून मूल जे खातं, ते आईच्या हजार विनवण्यांनी खात नाही.

खजिनदार समोरच बसले आहेत आणि मान हलवत आहेत, ती होकाराची आहे असं मी धरते. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांना तिथी द्यायची आहे, त्यांनी नाव आणि महिना लिहावा.