कृत्रिम दंतशास्त्र : एक दुर्लक्षित वाट
(अंकुशनगर येथील विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)

 

आपल्या वस्तीतला मुलगा किंवा मुलगी बारावी सायन्सला गेली की आपण म्हणतो, डॉक्टर होणार. डॉक्टर म्हणजे एम.बी.बी.एस. एवढेच आपल्याला ठाऊक. बी.डी.एस.ला नंबर लागला तर पाहुणे विचारतात, "म्हणजे खरा डॉक्टर नाही का?" आणि त्यातही कवळ्या बसवण्याचे शास्त्र, म्हणजे प्रॉस्थोडॉन्टिक्स, ज्याला मराठीत कृत्रिम दंतशास्त्र म्हणतात, ते घेतले तर विचारायलाच नको.

मी हा विषय अंकुशनगरला मुद्दाम निवडला. हा समर्थ साखर कारखान्याचा परिसर. ऊसतोड करणारी, मोलमजुरी करणारी आपली माणसे तंबाखू आणि मिश्री लावतात, दात दुखला तर उपटून मोकळी होतात. मग आजी भाकरी कालवणात कुस्करून खाते. हरभरा, शेंगदाणे तिच्या ताटातून जातात. आपण म्हणतो, वय झाले. परंतु दात केवळ वयाने पडत नाहीत; ते किडीने आणि हिरड्यांच्या रोगाने पडतात. शिवाय दात गेले की जबड्याचे हाडही झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षी सर्वांत जास्त असते आणि वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात कितीतरी अधिक. म्हणून खालची कवळी हलते. बाजारात बसून तारेने आणि चिकटणाऱ्या प्लास्टिकने दात "पक्का" करून देणारे लोक यातले काहीच जाणत नाहीत. ते उरलेले चांगले दातही घालवतात.

आता हे शास्त्र शिकतात कसे, ते सांगतो. बी.डी.एस. म्हणजे चार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात कोरायचा. दाढेचा उंचवटा चुकला की शिक्षक परत पाठवतात, पुन्हा नवा ठोकळा. दुसऱ्या वर्षी मेणाच्या कडेवर ओळीने दात लावायचे. त्यानंतर रुग्ण. गरम पाण्यात मऊ केलेल्या कंपाउंडने तोंडाचे पहिले माप, त्यावरून त्या रुग्णापुरता खास ट्रे, मग गाल आणि ओठ हलवून कडांचे माप, मग अंतिम माप. त्यात प्लास्टर ओतून साचा. वरचा आणि खालचा जबडा किती अंतरावर आणि कोणत्या जागी मिळतो हे ठरवणे सर्वांत अवघड. इथे दोन-तीन मिलिमीटर चुकले तर माणूस दिवसभर कवळी खिशात घेऊन फिरतो. पुढे मेणातली कवळी तोंडात लावून पाहायची, मग ॲक्रिलिक भरून पाण्यात शिजवायची, घासायची, चकाकी आणायची. एवढे करूनही पूर्ण कवळीने चावण्याचे बळ स्वतःच्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकेच येते. रुग्णाला हे आधी सांगणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

यापुढे एम.डी.एस. तीन वर्षांचे. त्यात इम्प्लांट येते. हाडात टायटॅनियम घट्ट बसते हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना आढळले आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार केले. पण मला त्याहून मोठे वाटते ते कॅन्सरच्या रुग्णांचे काम. वरचा जबडा काढला की तोंड आणि नाक एक होते, पाणी नाकातून येते, बोललेले कळत नाही. ती पोकळी बंद करणारी पट्टी हाच डॉक्टर बनवतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी असे रुग्ण येतच आहेत.

एक इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी श्रीमंतांच्या कवळ्यांत माणसांचे खरे दात बसवत. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत मेलेल्या शिपायांचे दात उपटून विकले गेले. अमेरिकेचे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हिशेबात १७८४ साली कृष्णवर्णीयांना नऊ दातांपोटी पैसे दिल्याची नोंद आहे. गुलामाचे दात, मालकाचे तोंड! पुढे चिनी मातीचे दात, रबर आणि १९३० च्या दशकाअखेर ॲक्रिलिक आले, तेव्हा कवळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

आपल्या समाजाला हाताच्या कामावरून हीन ठरवले गेले. म्हणून आपली मुले हाताचे काम टाळतात, खुर्चीचे मागतात. त्यांचे मन मी समजू शकतो, पण ते मला मान्य नाही. या शास्त्रात हात आणि बुद्धी वेगळे करताच येत नाहीत. ज्याच्या आजोबांनी चामडे बेतले, ज्याच्या आईने गोधडी शिवली, त्याचे बोट मेणावर लवकर बसते. (आपल्या धम्मातही श्रामणेराला चिंतनासाठी जे पाच अवयव सांगतात त्यात दात आहेत, हे सहज आठवले.)

विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे. मराठवाड्यासाठी शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, १९८२ पासून आहे. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच करा. ऐनवेळी धावपळ करून हाती आलेली जागा जाते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्याही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, म्हणून अखिल भारतीय कोट्याचाही अर्ज भरा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहेच. वसतिगृह मिळाले नाही तर २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना आहे.

कार्यक्रम संपल्यावर मी इथेच थांबणार आहे. ज्यांना अर्जाबद्दल विचारायचे आहे त्यांनी कागदपत्रे घेऊन यावे आणि येताना घरातल्या आजी-आजोबांनाही आणावे, त्यांचे तोंड तपासू.

जय भीम! नमो बुद्धाय!