थोड्या पिल्लांचे जीव



आपण तलावात सोडतो ती रोहू मासोळी एका हंगामात लाखो अंडी देते. काही मेली, तरी बीज उरतं. पण आपल्या चांदा-गडचिरोलीच्या रानातल्या माकडिणीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं.

दूर समुद्रात करवत मासा राहतो. तो पाकटाच्या कुळातला. नावानं मासा, पण रीत माकडाची! तो अंडी घालीत नाही. जिवंत पिल्लं देतो, तीही मोजकीच. त्याची दातेरी करवत जाळ्यात अडकते आणि तो मरतो. म्हणून आता तो क्वचितच दिसतो. सन २००१ पासून कायद्यानं त्याला मारण्यास बंदी आहे.

पिल्लं थोडी, तर तूट भरायला वर्षं लागतात. तेव्हा रानात कोणत्याही जिवावर काठी उगारण्याआधी आपण विचारू या : याला पिल्लं किती होतात?