घाम गाळतानाचे फोटो



ऑफिस सुटल्यावर पेडणे आणि डिचोलीच्या जिममध्ये कॅमेरा घेऊन जाणारे आम्ही चार हौशी लोक. 'स्पर्धेचे फोटो काढायचे सोडून जिममध्ये काय काढता?' असे आम्हाला नेहमी विचारले जाते. त्याचे उत्तर आज देतो.

स्पर्धेच्या स्टेजवर दिसते तसे शरीर वर्षातले मोजके दिवसच असते. कित्येक आठवडे खाणे मोजून, शेवटी पुष्कळदा पाणीही कमी करून, अंगाला तपकिरी रंग लावून पटू दिव्यांच्या झोतात उभा राहतो. स्पर्धेचा तो भागच आहे. पण चवथीला आपण माटोळी बघतो, तिच्यासाठी रानात केलेली पायपीट बघत नाही, तसेच हे. आम्हाला ती पायपीट टिपायची असते.

१९७४ साली लेखक चार्ल्स गेन्स आणि छायाचित्रकार जॉर्ज बटलर यांनी 'पंपिंग आयर्न' हे पुस्तक काढले. १९७७ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला आणि जिममधली मेहनत जगाने पाहिली. आपल्याकडचे उदाहरण मनोहर आईच यांचे. उंची पाच फुटांहून कमी, ब्रिटिशांच्या तुरुंगातही व्यायाम सोडला नाही, १९५२ साली 'मिस्टर युनिव्हर्स' स्पर्धेत आपल्या उंचीच्या गटात जिंकले आणि १०४ वर्षे जगले.

आता कामाच्या गोष्टी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्यांना कळत नाही, पण शटर फार वेगाचे ठेवले तर फोटोत काळे पट्टे येतात. म्हणून १/१०० सेकंद ठेवावे. मग हालचाल पुसट येणार नाही का? वजन वर नेल्यावर पटू क्षणभर थांबतो, नेमका तो क्षण पकडावा. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा पंधरा-वीस मिनिटे बॅगेतच राहू द्यावा. खिडकीचा उजेड एका बाजूने आला तर स्नायूंच्या रेषा उठून दिसतात. आरशासमोर तिरके उभे राहावे, नाहीतर फोटोत आपणच!

आणि शिस्त. खांद्यावर वजन असलेल्या माणसावर फ्लॅश मारायचा नाही. बारच्या वाटेत उभे राहायचे नाही. आधी परवानगी विचारायची, मागे दिसणाऱ्यांचीसुद्धा. फोटो आधी त्याला दाखवायचा. 'नको' म्हणाला, तर तिथेच पुसायचा.

हा नुसता हौसेचा मामला नाही, मंडळी. आपली सोळा-सतरा वर्षांची मुले मोबाइलवर तयार शरीरे बघतात. व्यायामानंतर स्नायूंत रक्त भरून ते थोडा वेळ फुगलेले असतात, त्याच वेळी बरेच फोटो काढलेले असतात, वर आणखी सफाई केलेली असते. मुलगा आरशात स्वतःला बघतो आणि खट्टू होतो. मग कोणीतरी कानात सांगतो, 'एक इंजेक्शन घे, तीन महिन्यांत होईल.' स्टेरॉइडमुळे हृदय आणि यकृत बिघडू शकते, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते आणि वाढत्या वयात उंचीही खुंटू शकते. हे त्या फोटोखाली कोणी लिहीत नाही.

आमच्या फोटोंत मोपाच्या विमानतळावर रात्रपाळी करून आलेला पोरगा आहे. ट्रक चालवून आल्यावर बैठका मारणारा डिचोलीचा ड्रायव्हर आहे. शेवटचा डंबेल उचलताना वाकडे झालेले तोंड आहे, हाताचे घट्टे आहेत, सुटलेले पोटही आहे. अशा फोटोकडे बघून मुलाला वाटते, 'हे मलाही जमेल, वेळ लागेल एवढेच.'

म्हणून मंडळाला एक विनंती. पुढच्या वर्षी मंडपाच्या एका कोपऱ्यात आपल्याच मुला-मुलींचे व्यायाम करतानाचे फोटो लावूया. सफाई न करता, आणि प्रत्येकाखाली फक्त 'किती वर्षे' एवढेच लिहून. फोटो आम्ही काढून देऊ, त्याचे पैसे नकोत. आणि घरी मुलाने दंड फुगवून दाखवला, तर आधी एक विचारा, 'बाबा, खातोस काय आणि झोपतोस किती?'

गणपती बाप्पा मोरया!