ताकद कुत्र्याची, दोरी धन्याची



गेवराईच्या बाजारात एक देखावा मी पुष्कळदा पाहिला आहे. बाजाराच्या दिवशी गर्दी अशी असते, की माणसाला माणूस घासून चालतो. डोक्यावर पाटी घेतलेली बाई वाट मागते, तिला वाट मिळत नाही. फटफटीवाला भोंगा वाजवतो, त्याला कोणी दाद देत नाही. पण एखादा गडी साखळीला धरून उंचापुरा कारवानी कुत्रा घेऊन आला, की हीच गर्दी न सांगता बाजूला सरते. मग थोड्या अंतरावरून प्रश्न सुरू होतात. "कुठून आणलं?" "काय खातंय?" "लांडग्याला भितंय का?" गडी सावकाश, एकेका प्रश्नाचे उत्तर देतो. त्या वेळी त्याचा चेहरा पाहावा. अंगात साधा सदरा असेल, पायातली वहाण झिजलेली असेल. पण त्या घटकेला तो कोणा जहागीरदाराहून कमी नसतो.

आज मला या अभिमानाविषयी तुमच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

आपल्या शेतकऱ्याला जनावराचा अभिमान नवा नाही. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवताना, त्याच्या पाठीवर झूल घालताना त्याचा हात कसा फिरतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कुत्र्याचा पोळा नसतो. पण त्याचाही मान आपल्याकडे आहे. कुत्रा हा खंडोबाचा सोबती. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, की त्यातला घास कित्येक घरांत कुत्र्याला घालतात. आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेव महाराजांची गोष्ट तर मराठी मुलाला शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते.

आता हा कारवानी कुत्रा म्हणजे काय चीज आहे, ते पाहू. शहरातला पाहुणा त्याला प्रथम पाहतो तेव्हा हमखास विचारतो, "याला खायला घालत नाहीत का हो?" धनी मनातून दुखावतो. कारण पाहुण्याला जे हडकुळेपण वाटते, तीच या कुत्र्याची खरी ताकद असते. डोके लांब आणि निमुळते. छाती खोल, कारण आत फुप्फुसाला आणि काळजाला ऐसपैस जागा हवी. पोट आत ओढलेले. मागच्या मांड्या मात्र दोरखंडासारख्या पिळदार. अंगावर चरबी नाही, सगळा स्नायू. हा कुत्रा वासावर नव्हे, तर नजरेवर शिकार करणारा. तो भरधाव पळतो तेव्हा त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. एकेका झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. त्याला पळताना पाहिलेला माणूस त्याला पुन्हा कधी हडकुळा म्हणत नाही.

जुन्या काळी मध्य आशियातून आणि अरबस्तानातून व्यापाऱ्यांचे तांडे, म्हणजे कारवाँ, दक्षिणेत येत. त्यांच्याबरोबर आलेले हे कुत्रे, म्हणून त्यांना कारवानी म्हणतात, असे सांगतात. अंगावर लांब केस असलेल्याला पश्मी म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ गावाने याच जातीला आपले नाव दिले. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान होते. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी हे कुत्रे निवडून, जपून वाढवले. त्यांनी पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी नजर केली, ही हकीकत मुधोळकडे आजही अभिमानाने सांगतात. पुढे 2005 सालच्या जानेवारीत आपल्या टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत एक मुधोळचे होते. 2016 साली भारतीय सैन्याने या जातीची पिल्ले मेरठच्या केंद्रात शिक्षणासाठी नेली. खेड्यातल्या माणसाने ओसरीवर वाढवलेली जात सैन्याच्या छावणीत पोचली, याचे कौतुक वाटणारच.

आपल्या मराठवाड्यातही या कौतुकाचा एक दरबार भरतो. नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला, मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा असते. घोडे, उंट, गाढवे, बैल यांचा बाजार तर असतोच. पण जिल्हा परिषदेतर्फे जनावरांचे प्रदर्शन भरते, त्यात कुत्र्यांनाही जागा असते. ज्याने पाहिले नसेल त्याने एकदा जाऊन पाहावे. धनी कुत्र्याचे अंग ओल्या फडक्याने पुसतो, त्याला सरळ उभा करतो, मान वर धरतो, आणि परीक्षक जवळ आले की स्वतःचाच श्वास रोखून धरतो. परीक्षा कुत्र्याची असते, पण घाम धन्याला फुटतो!

श्रोतेहो, हे प्रेम खोटे नाही. आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊस तोडायला बाहेर पडतात. टोळी निघते तेव्हा गाडीवर भांडीकुंडी, पोरेबाळे, कोंबड्यांचे खुराडे असते, आणि कित्येक गाड्यांच्या सावलीत, आकाला धरून, कुत्रा चालत असतो. दिवसभर नवराबायको फडात असतात. मागे कोपीत धाकटे लेकरू झोळीत झोपलेले असते. त्याच्यापाशी कुत्रा बसलेला असतो. त्या घराला कडीकुलूप नाही, दार नाही. जे काही आहे ते हे राखणीचे जनावर. अशा माणसाने आपल्या कुत्र्याच्या मजबूत छातीवर थाप मारली, तर त्याला कोणी हसू नये.

पण अभिमानाची एक दुसरी बाजू आहे. ती मी माझ्या स्वतःच्या घरावरूनच सांगतो.

मी सातवीत होतो. आमच्या आखाड्यावर मोत्या नावाचा कुत्रा होता. कारवानी रक्ताचा, पण अंगाने जास्त भरलेला. वडिलांनी त्याला ताक-भाकरीवर आणि कधीमधी दुधावर वाढवला होता. वाटेने जाणारा माणूस मोत्याला पाहून काठी हातात घेई, आणि मला त्याचा फार आनंद वाटे. खरे सांगायचे तर वर्गात मी ना अभ्यासात पुढे होतो, ना खेळात. पण मोत्याची दोरी हातात धरली, की मला सगळे वाट देत. ती मोत्याची ताकद होती. मी ती माझी समजत होतो.

एके दिवशी शाळा सुटल्यावर वर्गातली मुले आमच्या आखाड्यावरून चालली होती. एकाने मला काहीतरी चिडवले. आज तो शब्दही आठवत नाही, इतका तो साधा होता. मी मोत्याला "छू" म्हटले आणि दोरी सोडली. मला वाटले होते, तो नुसता भुंकेल, मुले पळतील, आणि उद्या वर्गात माझे नाव होईल. मुले पळाली. पळणाऱ्याच्या मागे धावणे हा तर या कुत्र्याचा जातधर्म. एका मुलाच्या पोटरीत त्याचे दात बसले.

वडिलांनी त्या मुलाला खांद्यावर उचलून दवाखान्यात नेले. त्या काळी पिसाळण्याच्या भीतीने पोटात इंजेक्शने देत. रोज एक, अशी चौदा. वडील रोज त्याला सायकलवर घेऊन जात, आणि मलाही चालत बरोबर यायला लावत. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी त्याचे रडणे चौदा दिवस ऐकले. मोत्या पिसाळलेला नव्हता, मुलगा बरा झाला. वडिलांनी मला मारले नाही. पहिल्या दिवशी परत येताना एवढेच म्हणाले, "त्या मुक्या जनावराला काय बोलावं? ताकद त्याची हाय, पर दोरी तुपल्या हातात व्हती."

त्यानंतर मोत्या पाच वर्षे जगला. त्याची दोरी मी पुन्हा कधी मिरवायला धरली नाही.

आज मी महाविद्यालयात शिकवतो. माझे काही विद्यार्थी कुत्र्यांचे मोठे शौकीन आहेत. कोणाकडे कारवानी आहे, कोणाकडे जर्मन शेफर्ड, कोणाकडे रॉटवायलर. त्यांच्या बोलण्यात मला कधीकधी तो सातवीतला मुलगा ऐकू येतो. कुत्रे 'तिखट' व्हावे म्हणून पिल्लाचे कान कापतात, त्याला अंधारात कोंडतात, कोणाला त्याच्याजवळ येऊ देत नाहीत. पण कान कापून शौर्य येत नाही, पिल्लाला वेदना तेवढ्या होतात. कोंडून वाढवलेले कुत्रे शूर होत नाही, ते भेदरट होते. आणि भेदरलेले कुत्रे कोणालाही चावते. ते चोर आणि पाहुणा यांत भेद करत नाही. कुत्र्यांची झुंज लावणे तर 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. तसेच 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर काळविटावर किंवा सशावर कुत्रे सोडणे हाही गुन्हाच आहे. जातिवंत कुत्र्याला पळवायचे असेल तर रिकामे, सुरक्षित रान पाहून पळवावे. त्याला पळण्याचा आनंद हवा असतो, सशाचा जीव नव्हे.

आणखी एक गोष्ट शेतकरी बंधूंनी ध्यानात घ्यावी. उसाबरोबर बिबट्या आपल्या दारापर्यंत आला आहे. 2020 च्या नोव्हेंबरात आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, हे आपण विसरलो नाही. "आमचा कुत्रा बिबट्याला भारी आहे" असे कोणी म्हणाले, तर त्याला हात जोडून सांगावे, की बाबा, कुत्रे हे बिबट्याचे आवडते खाद्य आहे. ज्या भागात बिबट्या फिरतो, तिथे रात्री कुत्रे बाहेर साखळीला बांधणे म्हणजे त्याचे ताट वाढून ठेवणे. मोकळे असते तर ते पळाले तरी असते. त्याला रात्री गोठ्यात, दाराआड घ्यावे. जो आपली राखण करतो, त्याची राखण आपण करायची.

आणि लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन पिसाळण्याची लस टोचून घ्यावी, आणि पुढे दरवर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने टोचत जावी. हजारो रुपयांचे कुत्रे घेणारा माणूस या टोचणीला आळस करतो, हे नवल आहे. कुत्रे चावलेच, तर चुना, हळद, मिरची असले काही जखमेवर लावू नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. पोटातली ती इंजेक्शने 2005 पासून आपल्या देशात बंद झाली आहेत. आता लस दंडात देतात आणि तिचा फारसा त्रास होत नाही. मात्र एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली, की हा रोग माणसाला बहुधा सोडत नाही. म्हणून उशीर नको.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस शोधणाऱ्या लुई पाश्चरची ती पुण्यतिथी. त्या दिवशी परिपाठाला दहा मिनिटे काढून मुलांना तीन गोष्टी सांगाव्यात. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये. कुत्रे अंगावर आले तर पळू नये, स्तब्ध उभे राहावे. आणि कुत्रे चावले किंवा नुसता ओरखडा आला, तरी मार बसेल या भीतीने घरी लपवू नये. ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

शेवटी पुन्हा बाजाराकडे येतो. परवा असाच एक गडी कुत्रा घेऊन चालला होता. पांढराशुभ्र, तरणाबांड, पाहताच नजर लागावी असा. गर्दी बाजूला सरली. इतक्यात एक तीन-चार वर्षांचे पोर आईचा हात सोडून थेट कुत्र्याकडे धावले. गड्याने घाईघाईने साखळीचे दोन वेढे हाताला दिले, कुत्र्याला गुडघ्याशी घेतले आणि स्वतः खाली बसला. त्या पोराला म्हणाला, "थांब बाळा, तो मपला हाय, पर तुपली वळख न्हाई त्याला." आई धावत आली, पोर घेऊन गेली. गड्याने कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवला आणि तो वाटेला लागला.

माळेगावच्या प्रदर्शनात त्या कुत्र्याला बक्षीस मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण बक्षीस द्यायचे माझ्या हाती असते, तर मी ते त्या गड्याला दिले असते.