कुलूप बाहेर, दिवा आत

श्रोतेहो, तुमची मुले रहस्यपटाची सुरुवात करायची म्हणतात ना? मग यंत्राआधी त्यांच्या हाती पेन्सिल द्या. विद्यार्थ्यांना हे जमते. विधु विनोद चोप्रांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकतानाच, १९७६ साली, ‘मर्डर ॲट मंकी हिल’ केला.

समजा, जागा बुधवार पेठेतला अप्पा बळवंत चौक. पहाट. पुस्तकांची दुकाने बंद. एका दाराला बाहेरून कुलूप, आणि फटीतून आत दिवा! पावले ऐकू येतात; चेहरा दिसत नाही. एवढीच चार चित्रे काढा. खुलासा नको.

पेठेतल्या काही गल्ल्या बदनाम आहेत, म्हणून तिथल्या खिडकीतली बाई भीतीसाठी टिपायची नाही. तिचीही मुले कुठेतरी शाळेत असतील. कुलूप पुरेसे आहे. दुकानदाराला तेवढे आदल्या दिवशी विचारा.